काक्षी विझून नाही राहिला, काका

"काक्षी तारा झपाट्यानं विझतोय, कोणत्याही दिवशी फुटेल, मग आकाशात दोन सूर्य दिसतील, त्याच्या किरणांपासून लहान मुलांना जपा, आणि यंदा आर्द्रा कोरडी जाणार." आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर हा मेसेज या हिवाळ्यात तिसऱ्यांदा आला. काक्षी म्हणजे मृग नक्षत्रातला तांबडा तारा, इंग्रजीत बीटलजूस. पाठवणारे काका एरवी विजेचं बिलही दोनदा तपासून भरतात, म्हणून सविस्तर उत्तर.

आधी मेसेजसोबतचा फोटो. ताऱ्याच्या दोन चकत्या शेजारी-शेजारी, दुसरीचा खालचा भाग काळवंडलेला. ही चित्रं चिलीतल्या व्हीएलटी दुर्बिणीनं २०१९च्या जानेवारीत आणि डिसेंबरात घेतलेली. म्हणजे बातमी शिळी.

तेव्हा तारा मंदावला होता, हे खरं. त्याच्या तेजाची प्रत ०.५च्या आसपास असते, ती फेब्रुवारी २०२०पर्यंत १.६वर गेली (आकडा वाढला की तारा फिका). नेहमीच्या तेजाचा जेमतेम तिसरा हिस्सा उरला. झालं होतं असं की ताऱ्यानं वायूचा मोठा लोट बाहेर फेकला, तो निवून त्याची धूळ झाली आणि ती नेमकी आपल्या बाजूला आडवी आली. काही महिन्यांत तेज परतलं.

तसेही या फुगलेल्या तांबड्या ताऱ्यांचे बाहेरचे थर आत-बाहेर होत राहतात, त्याबरोबर तेजही. काक्षीचा एक फेरा साधारण ४०० दिवसांचा, दुसरा जवळजवळ सहा वर्षांचा. खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेलनं हे चढउतार १८३६मध्येच टिपले. तिमिंगल तारकासमूहातला मीरा तारा तर याहून नाटकी. सुमारे ३३२ दिवसांच्या फेऱ्यात तो डोळ्यांना छान दिसतो, मग दुर्बिणीशिवाय सापडत नाही, मग पुन्हा हजर. १५९६मध्ये हे पहिल्यांदा टिपलं गेलं, तेव्हापासून दर वेळी कुणी त्याचं तेरावं घातलं नाही.

फुटणार का? हो, पण खगोलशास्त्रज्ञांचा अंदाज लाखभर वर्षांच्या हिशेबातला आहे.

दोन सूर्य? फुटला तर अर्ध्या चंद्राइतका उजेड देईल, दिवसाही ठिपका दिसेल. सूर्य पौर्णिमेच्या चंद्राच्याही सुमारे ४ लाख पट तेजस्वी. मे महिन्यात नागपूरला ४५ अंशांवर भाजणारा एकच पुरे आहे, बाप्पा!

किरणांचं म्हणाल तर धोका व्हायला असा स्फोट पन्नासेक प्रकाशवर्षांच्या आत व्हावा लागतो. काक्षी सुमारे ५५० ते ७०० प्रकाशवर्षं दूर.

आता आर्द्रा. हाच तारा आर्द्रेचा, म्हणून काकांचा जीव वर-खाली. पण आर्द्रा लागते म्हणजे सूर्य तिथे येतो. जूनच्या त्या दिवसांत हा तारा सूर्याच्या झळाळीत बुडालेला असतो, दिसतच नाही. जो दिसत नाही तो फिका की उजळ, हे पाहून पावसाचं भाकीत कोण करणार? पेरणीचं गणित दुसरीकडे बघा.

काल त्यांना गच्चीवर नेलं. हरणाच्या चार पायांपैकी तांबूस तो काक्षी. एका बाजूला रोहिणी, दुसऱ्या बाजूला प्रश्वा. तेज या दोघांशी ताडून पाहायचं. टक लावायची नाही, लाल तारा टक लावली की उगाच उजळ वाटतो. नुसती नजर फिरवायची. काकांनी मफलर सारखा केला, दोन-तीनदा मान हलवली.

"रोहिणीहून तर उजळ दिसून राहिला बे हा."