पान म्हणजे पान नव्हे!

तीन दिवस झाले, डोकं फिरायची पाळी आली. वरुडकडच्या संत्रा बागायतदारांसाठी पुस्तिकेची पीडीएफ करतोय. मजकुरात जागोजागी 'पाहा पान ४५'. बोट लावलं की ते पान उघडावं, बस्स! रेगेक्स, म्हणजे मजकुरात ठरावीक नमुना शोधायचं सूत्र, लिहिला: आधी 'पान', मग मोकळी जागा, मग आकडा.

एक लिंक लागेल तर शपथ! जावास्क्रिप्ट या प्रोग्रॅमिंग भाषेत आकडा शोधायची खूण म्हणजे बॅकस्लॅश-डी (\d), ती फक्त इंग्रजी आकडे ओळखते. मग आमचा ४५ काय वेलांटी आहे? पायथॉन या दुसऱ्या भाषेला कळतो, इथेच काहून नाही? शेवटी मराठी ० ते ९ हातानं घातले.

आता लिंक लागल्या, पण नको तिथे! 'झाडाचं पान ७ सेंटिमीटर लांब' यावरही लिंक. आणि लिहिणारे तरी एका पद्धतीनं लिहितील? एकाचं 'पृ. ४५', दुसऱ्याचं 'पान क्र. ४५-४७', तिसऱ्याचं '४५व्या पानावर'. आकडाच आधी! किती नमुने लिहायचे माणसानं?

वर मुखपृष्ठ, मनोगत, अनुक्रमणिका मिळून १२ पानं पुढं. छापलेलं ४५ म्हणजे फाइलीतलं ५७. हे १२ मिळवायचं माझ्या टूलला सुचत नाही.

डिंक्या रोगासाठी 'पान ४५' दाबणारा शेतकरी बागेत उभा असतो. समोर खोडातून डिंक ओघळतोय, हातात मोबाईल, आणि उघडतं काय? खताचा तक्ता!