धूर पंजाबचा, खोकला दिल्लीचा, हिशेब कुणाचा? – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

दिल्लीच्या हवेवरच्या माझ्या लेखाखाली ‘एक शेतकरीपुत्र’ या नावाने तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया चिडून लिहिलेली आहे, पण मुद्द्याला धरून आहे. दोन ओळींत तिची बोळवण करणं बरं दिसलं नसतं, म्हणून हे सविस्तर उत्तर.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी सांगतो. राज्याची हद्द ओलांडून जाणारं प्रदूषण एकेका राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाला आवरता येत नाही, प्रत्येकाचा वाटा ठरवून देणारी यंत्रणा हवी आणि अमेरिकेच्या कायद्यात तशी सोय आहे, असं मी म्हटलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं: दिल्लीने आधी स्वतःच्या गाड्या, बांधकामं आणि कचरा आवरावा, पंजाबच्या शेतकऱ्याच्या नावाने बोटं मोडू नयेत, अशी यंत्रणा म्हणजे राज्यांच्या डोक्यावर केंद्राचा आणखी एक दांडका, अमेरिकेचा दाखला फोल, कारण तिथल्याच सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये असा एक नियम रोखला, आणि महाराष्ट्राचा या सगळ्याशी संबंध काय?

तुमचा राग शेतकऱ्यावरून आहे आणि तो रास्त आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. पंजाबात भूजल झपाट्याने खाली जायला लागलं तेव्हा २००९ मध्ये राज्याने कायदा करून भाताची लावणी जूनवर ढकलली. हरियाणानेही त्याच वर्षी तसाच कायदा केला. पाण्यासाठी तो निर्णय गरजेचा होता. पण लावणी पुढे गेली तशी कापणीही पुढे गेली, आणि गव्हाची पेरणी मात्र नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात उरकावीच लागते, नाहीतर उतारा घटतो. मधे उरतात जेमतेम दोन-तीन आठवडे. हार्वेस्टर भाताच्या लोंब्या वरच्या वर कापत जातो. मागे राहतं फूटभर उंचीचं उभं धसकट आणि यंत्राच्या मागून ओळीने पडलेला मोकळा पेंढा. या गुंत्यात साधं पेरणीयंत्र घातलं तर फणांत पेंढा अडकतो, दर थोड्या अंतरावर उतरून तो ओढून काढावा लागतो आणि बी सारखं पडत नाही. या पेंढ्यात सिलिका जास्त, त्यामुळे बासमतीचा सोडला तर तिथली गुरंही त्याला फारसं तोंड लावत नाहीत. काडी ओढली की थोड्या वेळात रान मोकळं. आपल्याकडे उसाचं पाचट पेटवणाऱ्याला विचाराल तर तोही साधारण असंच कारण सांगेल.

नेमकं याच सुमारास उत्तरेत वारा मंदावतो, रात्री थंड हवा जमिनीलगत साचते आणि वायव्येकडून येणारा धूर दिल्लीवर येऊन बसतो. म्हणजे एका राज्याने पाणी वाचवायला केलेला कायदा दुसऱ्या राज्याच्या हवेत उतरला. तो भात हमीभावाने खरेदी होऊन साऱ्या देशाच्या रेशनवर जातो. यात शेतकऱ्याला आरोपी करून काहीही सुटणार नाही, हे माझंही मत आहे. मूळ लेखात ‘वाटा’ हा शब्द मी पैशांच्या वाट्यासह वापरला होता.

तसा प्रयत्न एकदा झालाही. २०२२ मध्ये पंजाब आणि दिल्ली सरकारने मिळून प्रस्ताव दिला: पेंढा न जाळणाऱ्या शेतकऱ्याला एकरी २,५०० रुपये द्यावेत, त्यात केंद्राचे १,५०० आणि दोन्ही राज्यांचे पाचशे-पाचशे. ज्याला धुराचा त्रास होतो ते राज्य शेजारच्या शेतकऱ्याला पैसे द्यायला तयार झालं होतं! केंद्राने तो फेटाळला आणि विषय तिथेच संपला, कारण अशा तडजोडीला आधार देणारी कायद्याची चौकटच आपल्याकडे नाही. माझं दुखणं हे आहे.

आता ‘दिल्लीने आधी स्वतःचं बघावं’ याबद्दल. टेरी ही दिल्लीची ऊर्जा-पर्यावरण संशोधन संस्था आणि आपल्या पुण्याची वाहन संशोधन संस्था एआरएआय यांनी २०१८ मध्ये दिल्लीच्या सूक्ष्म कणांचा, म्हणजे पीएम २.५ चा, स्रोतवार अभ्यास केला. त्यात हिवाळ्यातल्या पीएम २.५ पैकी साधारण ३६ टक्के दिल्लीतल्या स्रोतांचं निघालं, ३४ टक्के राजधानी क्षेत्रातल्या शेजारी जिल्ह्यांचं आणि उरलेलं त्याहून लांबचं. तुमचं म्हणणं एक-तृतीयांश बरोबर आहे आणि तो भाग दिल्लीने कुणाचीही वाट न बघता आवरलाच पाहिजे. पण दिल्लीने सगळ्या गाड्या थांबवल्या, एकही वीट रचू दिली नाही, तरी जवळपास दोन-तृतीयांश धूळ-धूर बाहेरूनच येत राहणार. शेतातल्या जाळाचं म्हणाल तर तो ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या काही दिवशी दिल्लीच्या पीएम २.५ मध्ये तीस-पस्तीस टक्क्यांच्या घरात जातो आणि वर्षाच्या सरासरीत फारच थोडा उरतो. बातम्यांत मात्र ते काही दिवसच दिसतात.

वर्षभर सीमा ओलांडणारा धूर वेगळाच आहे आणि त्याकडे कॅमेरे वळत नाहीत. ५०० मेगावॉट आणि त्याहून मोठ्या औष्णिक संचांना आपल्या नियमांप्रमाणे २७५ मीटर उंचीची चिमणी लागते. एवढी उंची कशासाठी? धूर जवळच्या वस्तीवर उतरू नये, वरच्या वाऱ्यात मिसळून लांब जावा यासाठी. कोळशातल्या गंधकाचा सल्फर डायऑक्साइड होतो, वाटेत त्याचं सल्फेटच्या सूक्ष्म कणांत रूपांतर होतं आणि ते कण शेकडो किलोमीटर जातात. हा वायू रोखणारी एफजीडी यंत्रणा बसवण्याला पर्याय राहू नये अशा मर्यादा डिसेंबर २०१५ मध्ये आल्या, मुदत होती २०१७ ची. मुदती वाढत गेल्या आणि जुलै २०२५ मध्ये देशातल्या सुमारे ७८ टक्के संचांना या सल्फरच्या अटीतून सूट मिळाली. कुणाला सक्ती राहिली? राजधानी क्षेत्रापासून किंवा दहा लाखांवर वस्तीच्या शहरापासून १० किलोमीटरच्या आतल्या संचांना. दहा किलोमीटर! धूर लांब फेकण्यासाठी बांधलेल्या चिमणीचं माप तिच्या पायथ्याशी घेतलं. सरकारचा युक्तिवाद असा की बहुतेक शहरांत सल्फर डायऑक्साइड मर्यादेत आहे. असेलही, पण तो वायू म्हणून मोजला जातो. तोपर्यंत कण होऊन तो दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्या राज्यात पोचलेला असतो आणि तिथल्या पीएम २.५ मध्ये धरला जातो.

तुमच्या दुसऱ्या मुद्द्यावर, म्हणजे राज्यांच्या अधिकारांवर, मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे. १९८१ चा हवा कायदा संसदेने घटनेच्या कलम २५३ खाली केला, १९७२ च्या स्टॉकहोम परिषदेचा आधार घेऊन. त्यामुळे केंद्राला या विषयात अधिकारच नाही असं म्हणता येत नाही. पण त्या कायद्याची रोजची अंमलबजावणी राज्य मंडळांकडे आहे आणि मंडळाचा हुकूम हद्दीपाशी संपतो. दिल्लीपुरती ही अडचण सोडवायला २०२१ च्या कायद्याने हवा गुणवत्ता आयोग आला. दिल्ली आणि भोवतालच्या हरियाणा, पंजाब, राजस्थान, उत्तर प्रदेशातल्या भागांसाठी त्याचे आदेश राज्यांच्या आदेशांच्या वर चालतात. उल्लंघन केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड. नोव्हेंबर २०२१ मध्ये या आयोगाने दिल्लीपासून ३०० किलोमीटरच्या आतल्या अकरापैकी सहा औष्णिक केंद्रं काही दिवस बंद ठेवायला लावली होती. अधिकार आहेत. पण कुठल्या राज्याने किती कमी करायचं, हे कुठल्या मापाने ठरवायचं ते त्या कायद्यात लिहिलेलं नाही. म्हणून हवा बिघडली की धावपळ, सुधारली की शांतता.

आणि ‘राज्यांचे अधिकार’ म्हणताना आपण एकाच राज्याचा विचार का करतो? अमेरिकेतला १९०७ चा एक खटला सांगतो. टेनेसी राज्यात डकटाउनला तांब्याच्या भट्ट्या होत्या. त्यांच्या गंधकाच्या धुराने सीमेपलीकडे जॉर्जियातली जंगलं आणि पिकं जळत होती. जॉर्जिया थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायमूर्ती होम्स यांनी निकालात लिहिलं त्याचा आशय असा की आपल्या प्रदेशावरची हवा मोठ्या प्रमाणावर विषारी होऊ नये ही सार्वभौम राज्याची रास्त मागणी आहे. म्हणजे इथे राज्याच्या अधिकाराची ढाल धूर सहन करणाऱ्याच्या हातात आली. पुढे त्याच कंपन्या धुरातला गंधक पकडून सल्फ्युरिक ॲसिड विकू लागल्या आणि तोच त्यांचा मोठा धंदा झाला.

पाण्याच्या बाबतीत हे आपल्याला पटवावं लागत नाही. कृष्णेचं पाणी वाटायला कलम २६२ आहे, १९५६ चा कायदा आहे, लवाद आहे. बच्छावत लवादाने महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० आणि आंध्रला ८०० टीएमसी दिलं, हे सांगली-कोल्हापूरकडच्या चहाच्या टपरीवरही माहीत असतं. अलमट्टीची उंची वाढणार म्हटलं की आपण शेजारच्या राज्याला जाब विचारतो आणि त्यात कुणाला संघराज्य धोक्यात आलेलं दिसत नाही. हवेसाठी यातलं काहीच नाही. कलम १३१ खाली एक राज्य दुसऱ्यावर सर्वोच्च न्यायालयात दावा लावू शकतं, पण दिल्लीच्या हवेचा मुख्य खटला म्हणून वर्षानुवर्षं चालली ती १९८५ सालची एका नागरिकाची, एम. सी. मेहतांची, जनहित याचिकाच.

अमेरिकेकडे मी यासाठी बोट दाखवलं होतं. तिथे वाऱ्याच्या वरच्या अंगाचं राज्य खालच्या राज्याच्या हवेत ठरलेल्या मानकाच्या एक टक्क्याहून जास्त भर घालत असेल तर ते हिशेबात येतं. मग कुठे किती खर्चात किती कपात होईल ते पाहून कपात ठरते. २०११ च्या नियमात पूर्वेकडची दोन डझनांहून जास्त राज्यं अशी बांधली गेली आणि २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध २ मतांनी ही पद्धत मान्य केली. शिवाय खालच्या राज्याला तिथल्या हवा कायद्याच्या कलम १२६ खाली सीमेपलीकडच्या एका विशिष्ट कारखान्याविरुद्ध अर्ज करता येतो. न्यू जर्सीने तो केला. डेलावेअर नदीच्या पलीकडे, पेनसिल्व्हेनियात, पोर्टलंडचं कोळशाचं वीज केंद्र होतं. २०१० मध्ये अर्ज झाला, २०११ मध्ये तिथल्या केंद्र सरकारच्या पर्यावरण संस्थेने तीन वर्षांत सल्फर डायऑक्साइड ८१ टक्क्यांनी कमी करायला सांगितलं, २०१३ मध्ये न्यायालयाने ते उचलून धरलं, २०१४ मध्ये तिथे कोळसा जाळणं थांबलं. आज न्यू जर्सीत राहणाऱ्या कितीतरी मराठी कुटुंबांना या अर्जाचा फायदा झाला असेल, कुणाला त्याचं नावही माहीत नसेल.

२०२४ च्या निकालाबद्दल तुमची माहिती बरोबर आहे, निष्कर्ष मला मान्य नाही. ५ विरुद्ध ४ मतांनी २०२३ च्या, सीमा ओलांडणाऱ्या ओझोनवरच्या नियमाला स्थगिती मिळाली. काही राज्यं नियमातून गळाल्यावर उरलेल्यांसाठी तोच हिशेब कसा टिकतो याचं स्पष्टीकरण पर्यावरण संस्थेने पुरेसं दिलं नाही, हा तिथे कळीचा मुद्दा होता. शेजाऱ्याच्या हवेची जबाबदारी नाही, असं न्यायालयाने म्हटलेलं नाही. तिथल्या वीज केंद्रांचा सल्फर डायऑक्साइड १९९० च्या मानाने नव्वद टक्क्यांहून जास्त घटला आहे. स्वस्त गॅसचा त्यात मोठा हात आहे, पण कायद्याचाही आहे.

राहिला महाराष्ट्र. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे आणि जिल्ह्याची हद्द तेलंगणाला लागते. उद्या वाऱ्याची दिशा दाखवून तेलंगणाने आपल्याला जाब विचारला, तर आपण आज पंजाब देतो तेच उत्तर देणार का? हवेच्या वाटणीत आपण नेहमी खालच्या अंगालाच असू असं धरून चालता येत नाही. एफजीडीमुळे युनिटमागे २५-३० पैसे वाढतात असं उद्योगाकडून सांगितलं जातं. माझ्या बिलात ते आले तर मी भरीन. राजुऱ्याच्या किंवा पलीकडच्या आसिफाबादच्या माणसाने फुप्फुसातून ते भरावेत हे मला मान्य नाही.

तुम्ही शेवटी विचारलंय, ‘मग तुम्हाला नेमकं हवंय तरी काय?’ २०२१ च्या कायद्यात दुरुस्ती हवी आणि ती दिल्लीपुरती नको. त्रास होणाऱ्या राज्याला अर्ज करण्याचा हक्क, निकालाला मुदत, वाटा ठरवायचं जाहीर माप. ते माप काढण्याचं काम आपल्या पुण्यातल्या पाषाणच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतले शास्त्रज्ञ दिल्लीसाठी करतातच, फक्त त्या आकड्याला कायद्यात जागा नाही. आणि कपातीच्या त्याच आदेशात पैसे कोण देणार ते लिहिलेलं असावं. आजच्या कायद्यात पेंढा जाळणाऱ्या शेतकऱ्याकडून वसुली करायचं कलम आहे. नोव्हेंबर २०२४ पासून पाच एकरांच्या वरच्या शेतकऱ्याला ती ३०,००० रुपये आहे. न जाळणाऱ्याला काही देण्याचं कलम त्यात नाही. ते घालून घेण्यासाठी तुम्ही माझ्याबरोबर याल अशी आशा आहे.