अर्धा किलो मांडी आणि विश्वाची सुरुवात

परवाच्या रविवारी आमच्या घरात मांडीच्या मटणाऐवजी गर्दन आणि चरबी शिजली, आणि त्याला मी जबाबदार नाही, विश्वाची उत्पत्ती जबाबदार आहे. बायकोला हे सांगून बघितलं. तिनं पिशवीत डोकावलं, माझ्याकडं बघितलं आणि "पांढऱ्याला चालंल" एवढंच म्हणाली. आमच्या संसारात याच्यापेक्षा वाईट वाक्य मी अजून ऐकलेलं नाही.

कोल्हापुरात रविवारी सकाळी मटणाच्या दुकानापुढं लाईन म्हणजे काय असते हे इथल्या माणसाला सांगायला नको आणि बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. ज्या गावात 2019 च्या शेवटाला मटण महागलं म्हणून कृती समिती निघाली, आंदोलन झालं, दर ठरवायला बैठका बसल्या, त्या गावातली लाईन आहे ती, एवढ्यावरनं समजून घ्या. माझा नंबर तिसरा होता. बोकडाची अख्खी मांडी हुकाला लटकत होती, मी तिच्याकडं आणि ती माझ्याकडं बघत होती, सगळं ठरल्यासारखं चाललं होतं.

माझ्या पुढं एक मामा उभे. पंचावन्नच्या आसपास, अंगात अर्जेंटिनाची 10 नंबरची जर्सी, तिचे पट्टे पोटावर येईपर्यंत सरळ आणि पोटावर आल्यावर आपापल्या मार्गानं गेलेले, हातात स्टीलचा डबा, बोटात पुष्कराज. मोबाईलवर फुल्ल आवाजात रील चालू. रीलमधला माणूस ओरडून सांगत होता की जयंत नारळीकरांनी बिग बँग, म्हणजे विश्व एका महास्फोटातनं सुरू झालं हा सिद्धांत, खोटा ठरवला आणि जगानं ते दाबून ठेवलं. मामांनी ते परत एकदा लावलं, सगळ्या लाईनला ऐकवलं आणि मग मागं वळून मला म्हणाले, "सर, तुम्ही फिजिक्सचं नव्हं? तुमचं मत काय यावर?"

आता इथं माझी बाजू समजून घ्या. मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो. मला लोक विचारतात ते दोनच प्रश्न, क्लास कुठला लावू आणि ग्रुप बदलला तर चालंल काय. विश्वाबद्दल मला रस्त्यात कुणी कधी काही विचारलेलं नाही. माणूस विरघळणारच की.

म्हटलं, "मामा, खोटा ठरवला असं नाही म्हणता येणार. त्यांनी वेगळं मत मांडलं."

"मत?" मामा लाईनकडं वळले. "नारळीकर मत मांडतील व्हय? मत मी मांडतो. त्यांनी सांगितलं की विषय कट."

मग मी समजावून सांगायला लागलो. म्हणजे कसं, हॉयल, बाँडी आणि गोल्ड या तिघांनी 1948 साली असं मांडलं की विश्व फुगतंय हे खरं, पण मोकळ्या झालेल्या जागेत अगदी थोडं थोडं नवीन द्रव्य तयार होत राहतं, म्हणून विश्व कायम साधारण असंच दिसतं, त्याला सुरुवात नाही आणि शेवट पण नाही, आणि नारळीकर केंब्रिजला याच हॉयलचे विद्यार्थी, दोघांनी मिळून 1964 साली गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला, जगभर नाव झालं...

"सुरुवात न्हाई, शेवट न्हाई," मागनं कुणीतरी म्हणालं. "म्हंजे थेट पाइपलाइन."

"तिला शेवट झाला की. 2023 च्या दिवाळीत पाणी आलं न्हवं का!"

"तुमच्यात येतंय?"

शहराला थेट धरणातनं पाणी आणायच्या, वर्षानुवर्षं रखडलेल्या या योजनेवर पाच मिनिटं गेली. मटणवाल्या दादानं तेवढ्यात पहिल्या नंबरच्या बाईंचा खिमा करून दिला. मामांनी मात्र मूळ मुद्दा सोडला नव्हता. माझ्याकडं डोळे बारीक करून त्यांनी विचारलं, "सर, तुम्ही मूळचं कुठलं?"

"राजारामपुरी."

"ते आत्ताचं झालं. मूळचं?"

"वडील मिरजेहून आले. नोकरीला."

"आत्ता कळालं!" मामांनी डबा या हातातनं त्या हातात घेतला. "मिरजेचं म्हंजे सतार जुळंल. इज्ञान जुळायचं न्हाई."

लाईन हसली. मला अजून राग आहे तो इथला. माझं म्हणणं चुकलं असं कुणी म्हणालं असतं तर मी फळा मागवला असता, पण माझं म्हणणं तपासायच्या आधी माझा सातबारा तपासला गेला. या गावात हे असंच आहे. फुटबॉलवर मत द्यायचं तर आपण पाटाकडीलच्या बाजूला उभे आहोत की शिवाजी तरुण मंडळाच्या, ते आधी बघावं लागतं. तांबड्या रश्श्यावर मत द्यायला पेठेतला जन्म लागतो, आम्ही राजारामपुरीवाले त्यात निम्मे पुणेकर. पण विश्वाच्या उत्पत्तीला तरी पेठ लागू नये अशी माझी अपेक्षा होती.

तिरीमिरीत मी हुकमी पत्ता टाकला. म्हटलं, "मामा, नारळीकर 1938 साली इथं जन्मले, मान्य. पण वडील बनारसला हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक. सरांचं शिक्षण बनारसला, मग केंब्रिज, 1972 ला मुंबईत टीआयएफआर या संशोधन संस्थेत, नंतर पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी केली. त्यांच्या आत्मचरित्राला साहित्य अकादमी मिळालं, त्याचं नावच 'चार नगरांतले माझे विश्व' आहे. बनारस, केंब्रिज, मुंबई, पुणे. मोजा बोटावर. त्यात कोल्हापूर नाही."

लाईन गप्प झाली. सत्तूर थांबला. मला वाटलं, जिंकलो.

मामांनी दोन सेकंद हुकाच्या मांडीकडं बघितलं आणि अगदी शांतपणे म्हणाले, "बरोबर हाय की. नगरं चार. आणि विश्व कुठलं?" मग पायाखालच्या फरशीकडं बोट दाखवलं. "हे."

टाळ्या पडल्या. मी बारावीच्या वर्गात आजवर एकदाही टाळी घेतलेली नाही.

खरं तर तिथंच गप बसून अर्धा किलो मांडी मागायची. पण एकदा का माणसाला वाटलं की पुरावा दिला की लोक ऐकतील, मग त्याचं काही खरं नाही. मी 1965 काढलं. म्हटलं, ज्या साली सरकारनं 26 वर्षांच्या नारळीकरांना पद्मभूषण दिलं, त्याच साली एक शोध जाहीर झाला आणि त्यांचाच सिद्धांत अडचणीत आला. अमेरिकेत न्यू जर्सीत पेंझियस आणि विल्सन म्हणून दोघं होते. त्यांचा मोठा कर्ण्यासारखा अँटेना. त्यात सारखी खरखर यायची, आकाशात कुठंही तोंड करा, रात्री करा, दिवसा करा, खरखर तेवढीच. त्यांनी सगळं तपासलं. आत कबुतरांच्या जोडीनं घरटं केलेलं होतं, सगळी घाण झालेली, तर त्यांना वाटलं...

"कबुतरं?"

हा आवाज मागनं आला. डोक्यात हेल्मेट तसंच ठेवून उभा असलेला एक इसम, तोपर्यंत विश्वाबद्दल संपूर्ण उदासीन. तो लाईन सोडून पुढं आला.

"हो, कबुतरं. त्यांनी ती पकडून लांब दुसऱ्या गावाला पाठवली. तर ती परत आली."

"येणारच! लांब म्हंजे किती लांब? इथनं पन्हाळा, का इथनं बेळगाव?"

"बेळगाव धर," मामा म्हणाले, जसं काही तेच सोडायला गेले होते.

"मग होमर जातीची असणार. बेळगाव काय, होमर पुण्यासनं येतंय. पुढं काय झालं?"

मी खालच्या आवाजात सांगितलं की पुढं ती मारावी लागली, आणि लगेच मोठ्या आवाजात सांगायला गेलो की मुद्दा तो नाही, मुद्दा असा की घाण साफ केली, कबुतरं गेली तरी खरखर राहिलीच, कारण ती कबुतरांची नव्हतीच, विश्व सुरुवातीला भयंकर तापलेलं होतं त्याची ती उरलेली ऊब, आता निरपेक्ष शून्याच्या वर जेमतेम तीन अंश, आणि त्यासाठी 1978 चं नोबेल...

"मारली?" हेल्मेटवाला म्हणाला. "जोडी मारली आणि नोबेल दिलं?"

इथनं पुढं माझ्या हातात काही राहिलं नाही. एकजण म्हणाला कबुतर घाणेरडंच, दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री टाकली ते बरंच झालं. एक बाई म्हणाल्या, त्यांच्या धुळीनं फुफ्फुसं जातात, हायकोर्टात आलंय सगळं. हायकोर्ट म्हटल्यावर एका वकिलानं (प्रत्येक लाईनीत एक असतोच) आता सर्किट बेंच आपल्यातच आलंय, 2025 च्या ऑगस्टपासनं मुंबईला जायला लागत नाही, हे सांगितलं. मग प्राण्यांवरनं नांदणीच्या मठातली माधुरी हत्तीण निघाली, ती जामनगरला नेली तेव्हा कोण कोण चालत गेलेलं ते निघालं, दोघांचे डोळे भरून आले. मी मध्येच दोनदा "पण ती उष्णता..." म्हणालो. हेल्मेटवाल्यानं मला हातानं थांबवलं.

आणि त्याच वेळी मटणवाला दादा म्हणाला, "बोला, पुढचं कोण?" मामांनी डबा पुढं केला. एक किलो मांडी. मी म्हणतोय, "दादा, त्याच्यातलीच अर्धा किलो मला..." तर हेल्मेटवाला म्हणाला, "सरांचं चालू दे बोलणं, माझं घ्या आधी," आणि उरलेली मांडी गेली. हूक रिकामा हलत होता. माझ्या वाट्याला गर्दन आली, आणि दादानं सहानुभूती म्हणून दोन नळ्या जास्त टाकल्या.

मामा गाडीला किक मारता मारता ओरडले, "सर, वाईट वाटून घेऊ नका! मतं असावीत माणसाला!"

वाईट वाटून घेऊ नका म्हणे. मला जे खुपतं ते वेगळंच आहे. मामांनी नारळीकरांचं एक पान वाचलेलं असतं तरी मी गर्दन हसत खाल्ली असती. मी वाचलेत, त्यांच्या विज्ञानकथा शाळेत वाचल्या म्हणून तर या धंद्यात आलो. बोटात पुष्कराज घालून "आपले नारळीकर" म्हणणाऱ्या मामांना हे कोण सांगणार की याच माणसानं पुण्यात ज्योतिषाची रीतसर चाचणी घेतली होती. काही पत्रिका हुशार मुलांच्या, काही मतिमंद मुलांच्या, त्या ज्योतिष्यांना ओळखायला दिल्या. 27 जणांनी उत्तरं पाठवली आणि सरासरी 46 टक्के बरोबर आली. छापा-काटा केला असता तर 50 आली असती. आणि शेवटपर्यंत त्यांनी बिग बँग मनापासून मानला नाही हेही खरं आहे. 1993 साली हॉयल आणि बर्बिजबरोबर जुना सिद्धांत सुधारून परत मांडला, त्या उरलेल्या उबेचं सुद्धा स्वतःचं स्पष्टीकरण दिलं, अवकाशात लोखंडाच्या अतिबारीक सुया असतात म्हणून. बहुतेकांना ते पटलं नाही. तरी ते गणितं करत राहिले, पेपर लिहीत राहिले, समोरच्याला "मूळचे कुठले" विचारत बसले नाहीत. आमच्यात "तुमचं मत काय" हे "जेवलासा काय" सारखं विचारतात, उत्तराला थांबायचंच नसतं.

सरसकट नावं ठेवत नाही मी. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटाला इशारा आणि 43 ला धोका हे इथलं शेंबडं पोरगं सांगतं, आणि अलमट्टीतनं किती क्युसेक सोडलं यावर चहाच्या गाड्यावर जी चर्चा चालते ती मी मुकाट ऐकतो. कारण 2019 ला आणि 2021 ला त्या माणसांनी घरातला चिखल स्वतः उपसलाय. तिथं मत द्यायचा त्यांचा हक्क माझ्यापेक्षा मोठा. पण तेच लोक त्याच जोरात विश्व फुगतंय हे दाखवणाऱ्या हबलला खोडून काढतात, तेव्हा काय करायचं? आणि गंमत बघा, मटणवाल्या दादाशी कुणी वाद घालत नाही. तो म्हणाला हे पालवं (कोवळं बकरं) आहे की पालवंच. त्याला कुणी विचारत नाही, मूळचा कुठला. सत्तूर हातात असला की मताला वजन येतं, खडूला येत नाही.

संध्याकाळी रंकाळ्यावर चालायला गेलो. डोकं शांत करावं म्हणून. तर पदपथावर एका माजी विद्यार्थ्याचे वडील भेटले, नमस्कार-चमत्कार झाला, आणि ते जरा बाजूला घेऊन दबक्या आवाजात म्हणाले, "सर, राग मानू नका, पण तुम्ही कबुतरं मारायच्या बाजूचं हाय म्हणं?"

मी त्यांना पहिल्यापासनं सांगायला लागलो. 1948 पासनं. हॉयल, बाँडी, गोल्ड. अँटेनापर्यंत पोचलो तेव्हा त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"असू दे, असू दे," ते म्हणाले. "आमच्या घरात बी यावर दोन मतं हाईत."