वीणा खाली ठेवायची नाही

मार्च लागला की आमच्या कट्ट्यावर दोन गोष्टी सुरू होतात. संध्याकाळी काजूच्या भावावरून भांडण आणि रात्री साडेआठनंतर मोबाइलवर पॅरिस–नीस, म्हणजे फ्रान्समधली आठवडाभर चालणारी सायकल शर्यत. कट्टा म्हणजे मालवणात बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर तात्यांचं सायकलचं दुकान आहे, त्यासमोरचा जांभ्याचा चौथरा. मोबाइल चिऱ्याला टेकवून ठेवायचा आणि चारपाच डोकी त्याच्याभोवती. तात्या मात्र आतच, कुणाच्या तरी वाकड्या रिमचा आऊट काढत, म्हणजे ती सरळ करत. बघतात कमी, बोलतात जास्त.

परवा वादाला तोंड मीच फोडलं. म्हटलं, असल्या आठवडाभराच्या शर्यतींचा सगळ्यात मोठा गडी प्रिमोझ रोग्लिच. एका दमात यादी वाचली: पॅरिस–नीस, तिरेनो–आद्रियातिको, कातालुन्या, बास्क, रोमांदी, दोफिने. सात मोठ्या शर्यतींपैकी सहा त्याने जिंकल्या, राहिली फक्त स्वित्झर्लंडची. आणि हा माणूस आधी स्कीवरून उड्या मारायचा, सायकलीकडे वळला तो वयाच्या विशीनंतर.

आतून आवाज आला, "आणि केली? तेका काय समुद्रात टाकलंस?"

शॉन केली हे तात्यांचं दैवत. आयर्लंडमधल्या शेतकऱ्याचा मुलगा. १९८२ ते १९८८, सलग सात पॅरिस–नीस. "एकदा जिंकलो तर नशीब म्हणशीत, दोनदा म्हणशीत. सातव्या वेळेक नशिबाक पण कंटाळो येता रे!"

मी म्हटलं, तात्या, १९८७ ला शेवटच्या दिवशी पुढे होता स्टीफन रोश. त्याचं चाक पंक्चर झालं आणि केली सुटला. मग नशीब नाही तर काय?

इथे माझी चूक झाली. तात्या पान्यासकट बाहेर आले. "चाळीस वर्षां पंक्चरां काढून हात काळे झाले माझे. माका सांगतस पंक्चर म्हंजे काय तां? पंक्चर शर्यतीतच होता. घरात ठेवलेली सायकल कधी पंक्चर झालेली बघलंस?"

यावर कोण काय बोलणार?

मास्तरांनी मधे तोंड घातलं. ते निवृत्त, आणि त्यांचा कल नेहमी म्हाताऱ्या माणसांकडे. त्यांना आठवला १९७२ चा रेमों पुलिदोर. एडी मर्क्स तीन वर्षं ओळीने पॅरिस–नीस जिंकून बसलेला, चौथीही खिशात घातल्यासारखीच. शेवटच्या दिवशी नीसच्या समुद्रावरून एझच्या खिंडीपर्यंत चढाची वेळेविरुद्धची शर्यत, म्हणजे एकेकट्याने घड्याळाशी झुंजायचं. पस्तिशीतल्या पुलिदोरने तिथे मर्क्सला मागे टाकलं आणि एकूण सहा सेकंदांनी शर्यत नेली. ती खिंड पाचशे मीटरच्या आसपास उंच, म्हणजे आपल्या आंबोलीपेक्षा कमीच. मी आंबोली चढलोय. चढलोय म्हणजे धबधब्यापाशी उतरून भजी खाल्ली आणि टेम्पोने परत आलो. त्यामुळे त्या विषयात मी गप्प.

पण केलीची खरी मौज त्या खिंडीतच आहे, हे मात्र मला मान्य करावं लागलं. हा मूळचा स्प्रिंटर, सपाटीवर शेवटच्या दोनशे मीटरात फुटणारा. फ्रान्सच्या तीन आठवड्यांच्या टूरमध्ये गुणांची हिरवी जर्सी चार वेळा नेलेला. असल्या माणसाने १९८२ ला शेवटच्या दिवशी त्याच चढावर सगळ्यांना झोपवून पहिली पॅरिस–नीस घेतली.

दांडी किनाऱ्याकडचा बाबलो एवढा वेळ नुसता ऐकत होता. त्याचा गडी रिची पोर्ट. दोन पॅरिस–नीस, आणि कातालुन्या, रोमांदी, स्वित्झर्लंड, दोफिने एकेक. तीन आठवड्यांच्या टूरमध्ये त्याची मजल २०२० च्या तिसऱ्या क्रमांकापर्यंतच. बाबलो म्हणाला, "तीन आठवड्यांची ती जत्रा. हो आमचो सप्ताह."

आणि वादाला एकदम वेगळं वळण लागलं. आमच्याकडे नामसप्ताहात पार म्हणजे पाळ्या बदलतात, माणसं बदलतात, पण वीणा खाली ठेवायची नाही. टूरमध्ये एक दिवस वाईट गेला तर भरून काढायला दोन आठवडे असतात. इथे दिवस सात किंवा आठ. एका दिवशी हात ढिला पडला की संपलं. मास्तरांनी लगेच कोंतादोर काढला: २०१६ ला त्याच्या हातून पॅरिस–नीस चार सेकंदांनी गेली गेरेंट थॉमसकडे, २०१७ ला दोन सेकंदांनी सर्जिओ हेनाओकडे.

"दोन सेकंद म्हंजे किती?" बाबलोने विचारलं.

तात्यांनी स्टँडवरच्या चाकाला एक हात मारला. एक, दोन. बोट लावून थांबवलं. वॉल्व्ह जेमतेम दोनतीनदा फिरून आला असेल. आठ दिवसांचा घाम तेवढ्यात गेला. आम्ही सगळे त्या चाकाकडे बघत राहिलो.

मी म्हटलं, हाच तर माझा मुद्दा. रोग्लिचला सेकंदाची किंमत कळते. टप्प्यात पहिल्याला दहा, दुसऱ्याला सहा, तिसऱ्याला चार सेकंदांची एकूण वेळेत सूट, आणि हा चढावरच्या शेवटच्या झटापटीत ती दाणे टिपल्यासारखी टिपतो. २०१९ ची तिरेनो त्याने शेवटच्या दिवशी अॅडम येट्सकडून काढून घेतली, अवघ्या एका सेकंदाने.

"आणि २०२१?" मास्तर शांतपणे म्हणाले.

हे दुखणं होतं. पॅरिस–नीसचा शेवटचा दिवस, ५२ सेकंदांची आघाडी, आणि रोग्लिच दोनदा आपटला. शर्यत मॅक्स शाखमनने नेली.

"बघ," तात्या म्हणाले, "आठव्या दिवशी वीणा पडली. केलीची सात वर्षां पडूक नाय."

बाबलोचा भाचा पोगाचारसाठी काहीतरी बोलत होता. २०२५ पर्यंत त्या सातांतल्या चार वेगळ्या शर्यती, तिरेनो दोनदा. पण त्याचं कोणी ऐकलं नाही. ज्याची वही अजून अर्धीच भरली आहे त्याचा हिशोब मीही करत नाही.

मग तात्यांनी उधारी लिहायचा खडू घेतला आणि शटरवर बेरीज मांडली. केली: पॅरिस–नीस सात, बास्क तीन, कातालुन्या दोन, स्वित्झर्लंड दोन. रोग्लिच २०२५ पर्यंत: पॅरिस–नीस एक, बाकी पाच शर्यती दोनदोनदा. १४ – ११. मी म्हटलं, चौदातल्या सात एकाच शर्यतीच्या, ओळखीच्या रस्त्यावरच्या. एकाच देवळात सात सप्ताह आणि सहा गावांत सहा सप्ताह, यात फरक आहे. मास्तरांनी मान डोलावली, पण कुणाच्या बाजूने ते कळलं नाही. तात्या म्हणाले, "देवूळ एकच आसलां तरी गाणारे दरवर्षी नवे येयत." म्हणजे प्रतिस्पर्धी. हे मला अजून खोडता आलेलं नाही, तरी मत माझं रोग्लिचलाच आहे.

सकाळी दूध आणायला गेलो तेव्हा शटरवरचे आकडे तसेच होते. एक मासेवाली पाटी उतरवून तात्यांना विचारत होती, "१४–११? कबड्डी खंय होती काल?"