दिवाणजींचा वाय

परवा सकाळी सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडत दुकानात मी सर्व्हर अपडेट करत होतो. सर्व्हर म्हणजे पोत्यांच्या थप्पीमागचा जुना डेस्कटॉप. त्याच्या पंख्यातून येणारी हवासुद्धा पिवळी असते. अपडेट निम्म्यावर असताना फोन आला, मी बाहेर गेलो. ४ मिनिटं, जास्त नाही. परत येतो तर खुर्चीत दिवाणजी.

"कायतरी इचारत हुतं. मी होय म्हणून टाकलं."

"वाचलंत का काय विचारत होतं?"

"इंग्लिश हुतं. येक वाय हुता, येक एन हुता. बोहनी व्हायच्या आत नाय कोण म्हणतंय सायेब?"

ज्या बाजारात दुकान बंदसुद्धा करत नाहीत, 'वाढवतात', तिथं एन कोण दाबणार? डेबियनवाल्यांना, म्हणजे या सर्व्हरवरचं लिनक्स बनवणाऱ्यांना, हे कुणी सांगितलेलं दिसत नाही.

प्रश्न इंजिनएक्स या वेब सर्व्हर प्रोग्रामच्या कॉन्फिग, म्हणजे सेटिंगच्या, फाईलचा होता. ती मी बदललेली, आणि पॅकेजवाल्यांनीही त्यांच्या बाजूनं बदललेली. एकानंच हात लावला असता तर डीपीकेजी, डेबियनचा पॅकेज बसवणारा प्रोग्राम, तोंड न उघडता निस्तरतो. मूळ फाईलचा एमडी-५, म्हणजे मजकुराचा ठसा, त्यानं टिपून ठेवलेला असतो. दोघांनी लावला की मात्र विचारतो: वाय म्हणजे मेंटेनरची घाला, एन म्हणजे माझी राहू द्या, डी म्हणजे फरक दाखवा. नुसतं एंटर दाबलं तरी माझीच राहते. पण विचारल्यावर उत्तर न देणं दिवाणजींच्या स्वभावात नाही.

"आन् ह्ये मेंटेनर कोण?"

"पॅकेज सांभाळतात ते."

"कुठलं?"

"कुठलेही असतील. जर्मनीचे, जपानचे."

"मग त्यास्नी आपल्या दुकानात फाईल कशी पायजे, ते कसं ठावं?"

हाच प्रश्न मी गेली कित्येक वर्षं विचारतोय. फरक एवढाच, की मी तो वाय दाबायच्या आधी विचारतो.

तेवढ्यात काट्यावरून हाक आली. वजनाच्या पावत्यांचे फोटो चढेनात, पडद्यावर ४१३, म्हणजे फाईल फार मोठी. इंजिनएक्स मुळात १ एमबीच्या वर काही घेत नाही. मी ते २० केलं होतं, मेंटेनरच्या फाईलीत कुठून असणार? हमालाच्या मोबाईलचा एकेक फोटो ४ एमबीचा.

वायमध्ये एक बरं असतं, आपली फाईल 'डीपीकेजी-ओल्ड' होऊन शेजारीच राहते. ती काढायला फोल्डर उघडलं आणि फसलो. कारण तिथं माझ्याच हातच्या 'बॅक', 'बॅक२', 'जुनी' आणि 'जुनी_खरी' अशा ४ फाईली नांदत होत्या. दिवाणजींनी चष्मा कपाळावर चढवला.

"ह्यातली पक्की कुठली?"

मी गप्प.

"आमच्या कीर्दीत चुकलं तर आडवी रेघ मारायची, शेजारी सही. जुनी खरी म्हंजे काय वो?"

आता याच्यावर काय बोलायचं! रेडहॅटच्या, म्हणजे दुसऱ्या एका लिनक्सच्या, घराण्यात तर विचारतच नाहीत. पॅकेजची कृती, म्हणजे स्पेक, लिहिणाऱ्यानं नोरिप्लेस ('बदलू नका') लिहिलं असेल तर नवी फाईल 'आरपीएम-न्यू' होऊन पडून राहते, नसेल तर तुमचीच 'आरपीएम-सेव्ह' होऊन बाजूला बसते. आर्च लिनक्सवाले नवी फाईल 'पॅकन्यू' म्हणून टाकून मोकळे. असल्या फाईली सर्व्हरभर पुरलेल्या असतात, हरिपूरच्या जमिनीखालच्या पेवांसारख्या. पेवात निदान हळद तरी असायची. सगळी ईटीसी, म्हणजे सेटिंगच्या फाईलींचं फोल्डर, प्रत्येक बदलाच्या नोंदीसकट गिटमध्ये ठेवणारा ईटीसीकीपर बसवतो म्हणून मी मालकांना दोनदा सांगितलं होतं. "ते दिवाळीनंतर बघू," दोन्ही वेळा. कुठली दिवाळी ते विचारायचं राहिलं.

'डीपीकेजी-ओल्ड' मूळ फाईलीच्या जागी ठेवली, इंजिनएक्स रीलोड केलं, फोटो चढले. ८०० रुपये सांगितले. मालक गादीवरूनच म्हणाले, "बटन दाबलं दिवाणजीनं, जुनी फाईल ठेवली मशीननं. तुमचं काय त्यात?"

दिवाणजींनी कीर्द ओढली. 'संगणक दुरुस्ती ८००' असं आधीच लिहून ठेवलं होतं. त्यावर सावकाश आडवी रेघ मारली, वर ५०० लिहिलं, आणि शेजारी सही केली.