हवेत झाडलेली गोळी हवेत विरत नाही

ठाण्यातील कोलशेतला आत्याकडे हळदीची तयारी चालू असताना तिच्या मोबाईलवर एक संदेश आला आणि 'यात स्पष्ट लिहिलंय, काही होत नाही' असे म्हणत तिने तो मलाच पाठवला. परवान्याच्या पिस्तुलातून हवेत झाडलेली गोळी वर जाता जाता जळून संपते, खोटे काडतूस (ब्लँक) तर खेळणेच असते आणि परवाना असला की पोलीस काही करू शकत नाहीत, असे तो संदेश ठासून सांगतो. सोबतच्या चित्रात गोळी पुंगळीसकट, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळकांड्यासकट, आकाशात निघालेली दाखवली आहे. लिहिणाऱ्याने काडतूस कधी हातात घेतले नसावे.

चाप ओढला की पिस्तुलातील फायरिंग पिन ही खीळ काडतुसाच्या बुडातील प्रायमरवर, म्हणजे ठिणगी देणाऱ्या छोट्या टोपीवर, आदळते, त्यातील मिश्रण पेटते आणि ज्वाला बारीक भोकातून आत शिरून बारूद पेटवते. वायूच्या दाबाने पितळी पुंगळी क्षणभर फुगून चेंबरला, म्हणजे काडतूस बसते त्या कप्प्याला, घट्ट बसते, त्यामुळे वायू मागे न येता गोळीला नळीतून पुढे रेटतो. रिकामी पुंगळी झाडणाऱ्याच्या बाजूलाच पडते. बारूद जवळजवळ सगळी नळीतच जळते, आणि बाहेर निघते ती तांब्याचे आवरण असलेली शिशाची गोळी, जिच्यात जळण्यासारखे काहीच नसते. परवान्यावर सहसा मिळणाऱ्या .३२ पिस्तुलाची ही गोळी साधारण साडेचार ग्रॅमची असते आणि जेवढी वर जाते तेवढीच खाली येते.

एवढे मात्र मान्य करावे लागेल, की अगदी सरळ वर गेलेली गोळी नळीतून निघतानाच्या वेगापेक्षा पुष्कळ कमी वेगाने पडते. पण बेंजोच्या तालावर नाचणाऱ्याचा हात ओळंब्यात राहत नाही. तिरकी गेलेली गोळी स्वतःभोवती फिरत, टोक पुढे ठेवून कमानीने उतरते, बराच वेग राखते आणि शेकडो मीटर दूर पडते. घोडबंदर रस्त्याच्या दुतर्फा तेवढ्या अंतरात किती गच्च्या आणि गॅलऱ्या येतात, हे आत्याला मी सांगायला नको. अमेरिकेच्या 'सीडीसी' या सरकारी आरोग्यसंस्थेने प्वेर्तो रिकोतील २००३ च्या वर्षअखेरीची नोंद प्रसिद्ध केली आहे: जल्लोषातील गोळीबाराने १९ जण जखमी झाले, त्यांतील एक दगावला आणि जखमांत डोक्याच्या जखमा सर्वाधिक होत्या.

खोट्या काडतुसात गोळी नसते हे खरे, पण बारूद खरी असते आणि तोंडाशी बोळा असतो. अभिनेता जॉन-एरिक हेक्सम याने १९८४ मध्ये चित्रीकरणाच्या जागी असेच काडतूस भरलेले रिव्हॉल्व्हर गमतीने कानशिलाला लावून चाप ओढला. त्या धक्क्याने कवटीचा तुकडा मेंदूत घुसला आणि तो वाचला नाही.

राहिला परवाना. शस्त्र कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने जल्लोषातील गोळीबार हा स्वतंत्र गुन्हा ठरवला असून त्याला २ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. त्यासाठी कोणाला गोळी लागावीच लागते असे नाही. इतरांचा जीव किंवा सुरक्षितता धोक्यात आली एवढे पुरते.