‘क्लबचं कार्ड घ्या, ड्रोन बिनधास्त उडवा’: या फॉरवर्डमधलं खरं किती?

ठाणे-नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या आणि लग्नाचे फोटो काढणाऱ्या मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्याचा गोषवारा असा: ड्रोन पायलटचं लायसन्स सरकारने 2022 मध्येच रद्द केलं. हॉबी क्लबचे सभासद झालात की नोंदणी, परवानगी काहीच लागत नाही. 250 ग्रॅमच्या आतला ड्रोन तर कुठेही उडवा. मुलांना ‘ज्युनिअर पायलट लायसन्स’ मिळेल, विमाही क्लबच उतरवेल. पोलिसांनी हटकलं तर कार्ड दाखवा. खाली फी आणि क्यूआर कोड.

मेसेज शंभर टक्के खोटा असता तर कोणी फसलं नसतं. त्यात खरं आहे ते सगळ्यांना फुकट मिळतं, आणि पैसे घेऊन जे विकलं जातंय ते देणं कुठल्याच क्लबच्या हातात नाही.

‘लायसन्स रद्द झालं.’ नाव बदललं, एवढंच. 25 ऑगस्ट 2021 च्या ड्रोन नियमांत ‘रिमोट पायलट लायसन्स’ होतं. फेब्रुवारी 2022 च्या दुरुस्तीने त्याच्या जागी ‘रिमोट पायलट सर्टिफिकेट’ आलं आणि ते देण्याचं काम डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, मान्यता दिलेल्या प्रशिक्षण संस्थांकडे गेलं. वय 18 ते 65, दहावी पास आणि अशा संस्थेतलं प्रशिक्षण, या अटी आहेत. सर्टिफिकेट 10 वर्षं चालतं. सरकारी शुल्क 100 रुपये. प्रशिक्षणाची फी मात्र हजारांत जाते, आणि लोक शॉर्टकट शोधतात ते तिच्यामुळेच. 2023 पासून पासपोर्टचीही सक्ती नाही, मतदार ओळखपत्र किंवा ड्रायव्हिंग लायसन्स चालतं.

‘सभासदाला सर्टिफिकेट लागत नाही.’ खरी मेख इथे आहे. 250 ग्रॅमपर्यंतचा नॅनो ड्रोन उडवायला कोणालाच सर्टिफिकेट लागत नाही. त्याहून जड पण 2 किलोपर्यंतचा मायक्रो ड्रोन धंद्यासाठी नसेल, तर त्यालाही लागत नाही. ही सूट ड्रोनचं वजन आणि उडवण्याचा हेतू बघून मिळते. म्हणजे सभासद नसलेल्या माणसालाही ती आहेच, आणि वजन किंवा हेतू बदलला की सभासदाचीही जाते. क्लब त्यासाठी पैसे घेत असेल तर तो आपलाच हक्क आपल्याला विकतोय.

मायक्रोला सर्टिफिकेट लागत नाही म्हणून बाकीचं सुटतं असंही नाही. त्याची नोंदणी करून युनिक आयडेंटिफिकेशन नंबर, म्हणजे यूआयएन, घ्यावाच लागतो. मोठी मॉडेल विमानं उडवणाऱ्यांनी इथे जास्त लक्ष द्यावं. शिक्षण, संशोधन किंवा छंदासाठी, नजरेच्या टप्प्यात उडवलेल्या 25 किलोपर्यंतच्या मॉडेलला नियमांत वेगळी व्याख्या आहे आणि टाइप सर्टिफिकेटमधून, म्हणजे ड्रोनच्या मॉडेलला घ्याव्या लागणाऱ्या मान्यतेतून, सूट आहे. पण ही सूट यंत्राला आहे, पायलटला नाही. घरी बनवलेलं तीन-चार किलोचं विमान छंदाचं असलं तरी 2 किलोच्या रेषेपलीकडेच जातं, म्हणजे ते उडवणाऱ्याला सर्टिफिकेट लागतंच.

आता लग्नाचा धंदा. ‘क्लबतर्फे हौस म्हणून शूट करा, पाहुण्यांनी दिलं ते मानधन’ अशी सूचनाही मेसेजमध्ये आहे. घोडबंदर रोडवरच्या हॉलमध्ये अल्बम, कँडिड आणि ड्रोन अशा पॅकेजचे पैसे ठरवून घेतले, तर ती हौस कसली? दहीहंडीच्या मंडळाने पैसे देऊन व्हिडिओ करून घेतला, तरी तेच. मायक्रो ड्रोनने असं काम करायचं तर सर्टिफिकेट हवं. नॅनोला ते धंद्यासाठीही लागत नाही, म्हणून फोटोग्राफर 249 ग्रॅमचा ड्रोन घेतात. ते ठीकच आहे. पण वजन मोजलं जातं ते सगळ्या सामानासकट. जास्त क्षमतेची बॅटरी किंवा प्रॉपेलर गार्ड लावला की तोच ड्रोन मायक्रोत जाऊन बसतो.

क्लबची ही कल्पना बहुधा परदेशी व्हिडिओंतून आली असावी. अमेरिकेत छंद म्हणून उडवणाऱ्यांसाठी कायद्यातच वेगळी तरतूद आहे, तिथे मान्यताप्राप्त संघटनांची सुरक्षा-नियमावली पाळावी लागते, आणि अकॅडमी ऑफ मॉडेल एरोनॉटिक्ससारख्या जुन्या संघटनेच्या सभासदत्वाबरोबर विमाही येतो. पण तिथल्या सभासदालाही ‘ट्रस्ट’ नावाची ऑनलाइन चाचणी द्यावी लागते. म्हणजे नुसत्या कार्डावर तिथेही भागत नाही.

‘250 ग्रॅमच्या आत असेल तर कुठेही.’ मेसेजमधला सर्वांत धोकादायक भाग हाच. वजनाने पायलटच्या सर्टिफिकेटचा प्रश्न सुटतो, जागेचा नाही. सरकारी नकाशात आकाशाची हिरवी, पिवळी आणि लाल अशी क्षेत्रं केली आहेत. हिरव्या क्षेत्रात 400 फुटांपर्यंत आधी परवानगी लागत नाही. पिवळ्यात एअर ट्रॅफिक कंट्रोलची लागते, लाल क्षेत्रात केंद्र सरकारची. चालू विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात 200 फुटांपर्यंत हिरवं, त्यावर पिवळं. 8 किलोमीटरच्या आत जमिनीपासूनच परवानगीचा विषय सुरू होतो.

‘चालू’ या शब्दाने नवी मुंबईचा नकाशाच बदलून टाकला. तिथल्या आंतरराष्ट्रीय विमानतळाचं उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025 ला झालं आणि 25 डिसेंबरपासून प्रवासी विमानं सुरू झाली. उलवे, पनवेल, कामोठे, बेलापूर, खारघर हे सगळं त्याच्या 12 किलोमीटरच्या आत येतं. मेसेजसोबतच्या ‘क्लबच्या मोकळ्या जागां’च्या यादीत खारघरची टेकडी आणि उलव्याचं मैदान आहे. यादी करणाऱ्याने ती विमानतळ सुरू होण्याआधी केली की नंतर, ते त्यालाच विचारा. ठाण्यात कोलशेतला हवाई दलाचं केंद्र आहे, येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं, खाडीत फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि पलीकडे ट्रॉम्ब्याला भाभा अणुसंशोधन केंद्र. म्हणून निघण्यापूर्वी ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा त्याच दिवशी बघावा. महिन्यापूर्वीचा स्क्रीनशॉट उपयोगाचा नाही.

‘पोलिसांना कार्ड दाखवा.’ दाखवा की, ग्रंथालयाचंही दाखवा. पोलीस आयुक्त भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 163 खाली ठरावीक काळापुरती ड्रोनबंदी घालतात. असा आदेश चालू असताना हिरवं क्षेत्रही कामाला येत नाही. ड्रोन नियम मोडल्याचा दंड एक लाख रुपयांपर्यंत जाऊ शकतो, तो वेगळा.

‘ज्युनिअर पायलट लायसन्स’बद्दल फार लिहावं असं काही नाही. 18 च्या आत सर्टिफिकेटच मिळत नाही. मुलाला छंदाचा छोटा ड्रोन उडवायला ते लागतही नाही. लॅमिनेट केलेला रंगीत कागद भिंतीवर लावायला छान दिसतो.

राहिला विमा. नॅनो सोडून बाकीच्या ड्रोनना थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, मोटारीसारखाच. क्लब सामूहिक पॉलिसी काढत असेल तर उत्तमच. मोकळी जागा, लिथियम बॅटरी नीट हाताळायची सवय आणि नवख्याच्या शेजारी उभा राहणारा जाणता माणूस, या गोष्टी चांगल्या क्लबमध्येच मिळतात, आणि मला विचाराल तर फी त्यासाठी भरावी. फक्त क्यूआर कोड स्कॅन करण्याआधी पॉलिसीची प्रत मागा. विमा कंपनी कोणती, मुदत कधीपर्यंत आणि आपल्या ड्रोनचा यूआयएन त्यात आहे का, हे बघा. प्रत द्यायला टाळाटाळ झाली तर पैसे भरू नका.